कुब्ब्याचा पडदा

खाली बस, वाईल. चहाचा तिसरा पेला अजून व्हायचाय आणि दोन पेल्यांवर उठून जाणारा पाहुणा भांडून गेला असं आमच्या घदामिसमध्ये धरतात. जुन्या घरातून गाद्या आणायच्यात ना? आणू की. गाद्यांना काय पाय फुटलेत? आणि नादिर, तू तो मोबाइल डोळ्यांसमोरून काढ. जरा वीज गेली तर तुम्हा त्रिपोलीच्या पोरांना अंधार खायला उठतो.

मघाशी वाईल काय म्हणाला ते ऐकलं मी. कान म्हातारे झालेत, बहिरे नाही. मी सांगितलं, जुन्या घरात शिरताना दारातून हाक दे. तर हा हसत म्हणतो, "अम्मारमामा, तीस वर्षं रिकामं आहे ते घर. हाक कुणाला द्यायची, कोळ्यांना?"

मीलूदसुद्धा असंच म्हणाला होता. तुमच्या हल्लूमा मावशीचा नवरा, माझा मेहुणा. रोज संध्याकाळी या बाकावर बसून सगळ्या गावाच्या राजकारणावर उंटावरून शेळ्या हाकतो तोच. त्याच्यासमोर हा विषय काढायचा नाही. आज तो नाही म्हणून सांगतोय.

आधी एक सांगून ठेवतो. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. चाळीस वर्षं ट्रक हाकलाय. वाळवंटात एकटा झोपलोय, टायर फुटून दोन-दोन दिवस बसून राहिलोय, आणि मला भेटलं काय, तर विंचू आणि चेकपोस्टवरचे शिपाई. त्यातला विंचू बरा. पण ही गोष्ट माझ्या बहिणीच्या घरची आहे, आणि मी त्या रात्री त्यांच्याच अंगणात होतो.

नादिर जन्मला त्याच्या आधीच्या शाबान महिन्यातली गोष्ट. तेरावी रात्र, बुधवार संपून गुरुवार लागणारी. शुक्रवारी इद्रीसचं लग्न होतं, हल्लूमाच्या थोरल्याचं. नव्या वस्तीतलं त्यांचं सगळं घर पाहुण्यांनी भरलेलं. मी अंगणात मेंढीच्या रश्शावर नजर ठेवून होतो, कारण आमच्या आचाऱ्याला मीठ म्हणजे काय ते कधी कळलंच नाही. रात्रीची, इशाची नमाज होऊन गेली होती. तेवढ्यात हल्लूमा बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली,

"अहो, पडदा आणलात का?"

"कसला पडदा?"

"कसला म्हणजे? कुब्ब्याचा. आठ दिवस सांगतेय."

"उद्या आणतो ना."

"तुमचा उद्या मला माहिताय. तुमच्या उद्याची वाट बघत मी म्हातारी झाले. आमच्या घरात सून येईल ती त्याच पडद्याआड बसेल. मी बसले, तुमची आई बसली. बाजारातला नायलॉनचा चिंधा मी लावू देणार नाही."

"अगं, पण रात्र झालीय."

"जुन्या गावात दुपारीही रात्रच असते. बॅटरी न्या."

यावर मी हसलो. मीलूदने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याला लग्न करायला लावलं होतं. तसं म्हणाल तर लावलं होतं. बॅटरी घेऊन तो निघाला.

आता तुम्ही शहरात वाढलात म्हणून एवढं सांगायला हवं. आपल्या जुन्या घरांत वरच्या बैठकीच्या खोलीत एक कोनाडा असतो, माणूस मांडी घालून बसेल एवढा. तो कुब्बा. पुढे लाल पडदा. बाई त्यात आयुष्यात दोनदा बसते. एकदा नवरी होऊन येते तेव्हा. आणि एकदा नवरा जातो तेव्हा. मधल्या काळात त्यात कुणी बसत नाही, पोरंसुद्धा खेळत नाहीत. आणि दुसरी गोष्ट. खालच्या गल्ल्या पुरुषांच्या, वरून झाकलेल्या, दिवसाही काळोख्या; वरची छपरं बायकांची. सगळी छपरं एकमेकांना लागून. गावाच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या घरी जाईल, पण तिचा पाय गल्लीला लागणार नाही. म्हणून तर पुरुषाने घरात शिरताना जिन्याच्या पायथ्याशी ओरडायचं, "वाट द्या!" म्हणजे वरच्या बायकांना कळतं की घरात पुरुष आला. बायका आवरून घेतात, सरकतात, मग तो वर येतो. आपलं स्वतःचं घर असलं तरी. माझे वडील तर तापाने फणफणलेले असतानासुद्धा हाक देऊन वर यायचे.

मीलूद जुन्या घराशी पोचला. कुलूप काढलं. सवयीने हाक ओठांवर आली होती, असं तो मला म्हणाला. मग त्याला स्वतःचंच हसू आलं. रिकाम्या घरात कुणाला हाक द्यायची? असं मनाशी म्हणाला आणि तसाच वर गेला.

खोली होती तशीच होती. दरवर्षी आपण चुना मारून घेतो, त्यामुळे भिंती पांढऱ्या स्वच्छ. वर तांबडी नक्षी, पितळी भांडी, आरसे. छताच्या मधोमध झरोका, आणि त्यातून चांदणं खाली आलेलं. गालिच्यावर उजेडाचा हा एवढा चौकोन पडला होता. मीलूदने बॅटरी खाली ठेवली आणि पडदा बाजूला करून आत बघितलं. कुब्बा रिकामा होता. हे मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलंय. रिकामा होता, आत एक उशी होती, बस. मग तो स्टुलावर चढला आणि पडद्याचं उजवं टोक हुकातून काढलं.

तेव्हा छपरावर पावलं वाजली.

मांजर असेल असं त्याला वाटलं. पण मांजराच्या पावलांचा आवाज होत नाही. हा मऊ चामड्याच्या चपलांचा आवाज होता, आपल्या बायका पूर्वी घालत त्या. एक बाई चालत होती. पूर्वेकडच्या छपरांवरून येत होती, सावकाश, वाट पायाखालची असल्यासारखी.

आणि काय सांगू पोरांनो, मीलूदला तेव्हा भीती वाटलीच नाही. उलट बरं वाटलं, असं तो म्हणाला. लहानपणी तो त्याच खोलीत तो आवाज ऐकत झोपायचा. आवाज आला की आई शेजारून परत आली, असा त्याचा अर्थ. त्यामुळे दोन क्षण तो स्टुलावर तसाच उभा राहिला, घरी असल्यासारखा.

मग त्याच्या लक्षात आलं की त्या पेठेत कित्येक वर्षं कुणी राहत नाही.

दुसरी पावलं मशिदीच्या बाजूने आली. मग अजून कुणाची तरी. मग झऱ्याच्या बाजूने दोघी-तिघी मिळून. सगळ्या दिशांनी. कुणी घाईत नव्हतं. कुणी बोलत नव्हतं. सगळी पावलं त्याच छपराकडे येत होती.

आणि इथे मीलूदने काय करावं? सांगा बघू. पळाला? नाही. त्याने बॅटरी विझवली. हो, विझवली! बायका डोक्यावर असताना पुरुषाने खाली उजेड लावून वर बघत बसायचं नाही, हे लहानपणी कान पिळून शिकवलेलं. अंगात मुरलेलं ते. स्टुलावरून उतरला, बॅटरी विझवली आणि नजर खाली घालून भिंतीशी उभा राहिला. भला माणूस. जिथे रीत पाळायची तिथे पाळली नाही आणि जिथे मोडायची तिथे पाळत बसला.

खाली घातलेल्या नजरेला गालिच्यावरचा चांदण्याचा चौकोन दिसत होता.

त्यातून एक सावली गेली.

मग दुसरी.

मग सावल्या जाईनात. थांबू लागल्या. झरोक्याभोवती कुणीतरी उभं राहत होतं. चौकोन एका कडेने कमी झाला... मग दुसऱ्या कडेने. शेवटी विटेएवढा उजेड उरला. तोही गेला.

काळोख.

आपल्या रीतीत बायका अशा चारी दिशांनी एका छपरावर कधी जमतात, हे मीलूदला माहीत होतं. लग्नाला जमतात तेव्हा गात येतात. न बोलता येतात ते एकाच कारणाने. घरातला पुरुष गेला की. विधवेजवळ बसायला.

वरून हळू आवाज आला. म्हातारीचा.

"बसवली का तिला?"

"बसवली."

"कोण गं ही?"

"हल्लूमा. अम्मारची बहीण."

म्हातारीने पुन्हा विचारलं.

"म्हणजे मीलूदचं घर ना हे?"

"होतं."

मीलूदला वाटलं, ओरडावं, मी आहे, मी जिवंत आहे, इथे भिंतीशी उभा आहे. तोंड उघडलं त्याने. जीभ टाळूला चिकटलेली. कुराणातली आयत म्हणावी तर पहिला शब्द आठवेना. रोज पाच वेळा म्हणणारा माणूस.

वर कुणीतरी म्हणालं, "खाली कुणी आहे वाटतं."

"कोण असणार?"

"श्वास ऐकू येतोय."

"पुरुष असता तर हाक दिली असती."

"हो... ते खरं."

"मग चला."

छपरावरून खोलीत उतरणारा जिना आहे ना आपल्याकडे, अरुंद. त्याच्या वरच्या पायरीवर पाऊल पडलं.

मग खालच्या.

मीलूदने पाय आपटला. गालिच्याने आवाज गिळला. पुन्हा आपटला. पायात जोरच नव्हता... आपलाच पाय आपला वाटेना, असं म्हणाला. परवा घरात लग्न. मुलगा नवरदेव. आणि आपण इथे, रिकाम्या घरात, कुणाला माहीतही नसताना... बायको मात्र आत्ताच विधवा होऊन बसलेली.

कुठे बसलेली?

तेव्हा त्याला कळलं. त्याच्या डाव्या हाताला, एका हुकावर लोंबणाऱ्या पडद्याच्या आड, कुणीतरी होतं. कपडा सळसळला. मांडी बदलताना सळसळतो तसा.

पावलं जिन्याच्या मध्यावर आली होती.

आणि कुब्ब्यातून आवाज आला. हल्लूमाचा. पडदा आणा म्हणून ओरडत होती तोच आवाज, तीच घाई.

"वाट द्या."

जिन्यावरची पावलं थांबली.

बाईने ही हाक द्यायची नसते, पोरांनो. माझ्या उभ्या आयुष्यात मी बाईच्या तोंडून ती ऐकलेली नाही.

"वाट द्या, बायांनो. माझा माणूस घरात आहे."

नुसते श्वास सगळ्यांचे. मग ती म्हातारी बोलली. रागाने नाही. समजावल्यासारखी.

"बसलीस ना, पोरी? एकदा बसलेली अशी उठत नाही."

"मी उठते."

"मग बसल्याचं काय?"

यावर हल्लूमा काहीतरी बोलली. ते मीलूदला ऐकू आलं नाही. मी त्याला कितीदा खोदून विचारलं. पडद्याआडून बोलली, हळू बोलली, बायका आपसात बोलतात तसं. एवढंच त्याला सांगता आलं.

वरून उत्तर आलं, "बरं."

आणि पावलं परत फिरली. एक-एक पायरी. छपरावर गेली. गालिच्यावर विटेएवढा उजेड आला, मग चौकोन पुरा झाला. चपलांचे आवाज चारी बाजूंना पांगले... मशिदीकडे, झऱ्याकडे, पूर्वेला. लांब जाईपर्यंत ऐकू येत होते. मीलूदने कुब्ब्याकडे पाहिलं. उशी होती. बस.

तो घरी आला तेव्हा मी रश्शाची चव घेत होतो. पळी हातातच राहिली माझ्या. टोपी नाही, चपला नाहीत, चेहरा चुन्याच्या भिंतीसारखा. मला धरून म्हणाला, "हल्लूमा कुठाय? हल्लूमा बरी आहे ना?"

"अरे, तिला काय झालंय? आत बायकांत बसलीय."

तेवढ्यात आतून माझी बायको हसत बाहेर आली. म्हणाली, "बघा तुमच्या बहिणीचं. ढोलक वाजतंय, गाणी चाललीत, आणि ही भिंतीला टेकून ढाराढूर झोपली. बरं, झोपेत ओरडली काय, तर 'वाट द्या'! पुरुषांसारखी! हसून हसून पोट दुखलं आमचं."

मी हसलो. मीलूद तिथेच वाळूत खाली बसला.

मग त्याने मला मागच्या अंगणात नेऊन सगळं सांगितलं. एकदाच सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाहुण्यांतल्या दोघा जणांना बरोबर घेऊन त्या घरी गेलो. जिन्याच्या पायथ्याशी उभा राहून असा ओरडलो की गल्लीतली कबुतरं उडाली. हसा, हसा. तुम्हीही ओरडाल. वर त्याच्या चपला होत्या, बॅटरी होती, स्टूल होतं, पडदा एका हुकावर लोंबत होता. मी तो परत दुसऱ्या हुकात अडकवला आणि निघून आलो. इद्रीसची बायको नायलॉनच्या पडद्याआड बसली. हल्लूमा त्यावर एक अक्षर बोलली नाही, यावरून काय ते समजा.

तिला आठवतं का? मी विचारलं होतं. म्हणाली, "दादा, मला काही आठवत नाही. डोळा लागला होता. उठले तेव्हा गुडघे मात्र आखडले होते, फार वेळ मांडी घालून बसल्यासारखे." तिला मीलूदने काही सांगितलंय की नाही, ते मला माहीत नाही. नवरा-बायकोत कोण कशाला पडतंय?

मीलूद ठणठणीत आहे. दात सगळे शाबूत, तोंड तर त्याहून शाबूत. आज इद्रीसची पोरं त्याच्या खांद्यावर चढतात. म्हणजे त्या बायका खोटं बोलल्या म्हणायच्या. मलाही तसंच म्हणायला आवडेल.

पण त्या रात्री मीलूदला पाणी द्यायला हल्लूमा बाहेर आली, तेव्हा तिने पेला पुढे केला आणि माझ्या बायकोने तिचं मनगट धरलं. "अगं, हे काय? मेंदी कुठे गेली?" त्या दुपारीच सगळ्यांबरोबर नवरदेवाच्या आईच्या हातांवर मेंदी लावली होती, मनगटापर्यंत, पायांवरसुद्धा. माझ्या बायकोनेच लावली होती. काळीभोर रंगली होती. आणि आता हात कोरे. धुतल्यासारखे नाहीत. धुऊन कुठे मेंदी जाते? कधी लावलीच नव्हती, असे कोरे. बायकांनी थट्टा केली, लगेच पुन्हा लावली, कापड बांधलं. सकाळी सोडलं तर पुन्हा कोरे.

आपल्याकडे नवरा गेलेली बाई मेंदी लावत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

तेव्हापासून तिच्या हातांवर मेंदी चढलेली नाही. सुदानची आणून झाली, मक्केहून आणून झाली. नातवंडांच्या बारशाला, ईदला, ती हात ओढणीखाली घेऊन बसते. माझी बहीण आहे ती. लहानपणी ईदच्या आदल्या रात्री मेंदीचे हात वर धरून झोपायची, पुसू नये म्हणून. मला ते बघवत नाही, म्हणून मी ईदला तिच्याकडे उशिरा जातो.

आणि मीलूद... हसू नका हं कुणी. घदामिसचा साठीचा पुरुष, सगळ्या गावाला शहाणपण शिकवणारा. दर ईदच्या आदल्या रात्री तो दार लावून घेतो आणि स्वतः मेंदी भिजवतो. पुरुषाने मेंदी भिजवायची! भिजवतो, तिच्या दोन्ही हातांना लावतो, कापड बांधतो. रात्रभर उशाशी बसून राहतो. पहाटे बांग व्हायच्या आत स्वतःच्या हाताने कापड सोडतो. बघतो. आणि पुन्हा भिजवायला घेतो.